माइनर लीग बेसबॉल सोडून कॉलेज फुटबॉलमध्ये ‘वॉक-ऑन’: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

शाळा संपताच बेसबॉल क्लबशी करार, मग पाच-सहा वर्षं माइनर लीगमध्ये (व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्या) गावोगावी बसचा प्रवास, आणि एक दिवस क्लबकडून सुट्टी. अमेरिकेत अशा खेळाडूंना पंचविशीच्या आसपास शाळेत खेळलेला फुटबॉल पुन्हा खुणावतो (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल). पैसे घेऊन खेळलेल्या माणसाला कॉलेजच्या संघात ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे खेळाच्या शिष्यवृत्तीशिवाय, जागा मिळते का? मिळू शकते. एनसीएए ही कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर, डिव्हिजन १ मध्ये, व्यावसायिकपणा खेळागणिक मोजतात. बेसबॉलचा पगार आणि साइनिंग बोनस घेतलेला खेळाडू फुटबॉलपुरता हौशीच धरला जातो.

उदाहरणं जुनी आणि ठसठशीत आहेत. ख्रिस वाइंकी १९९० मध्ये टोरंटो ब्लू जेज या बेसबॉल क्लबच्या गोटात गेला, सहा वर्षं माइनर लीग खेळला, १९९७ मध्ये फ्लोरिडा स्टेटला आला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २००० ची हाइझमन ट्रॉफी त्याने २८ व्या वर्षी घेतली. ब्रँडन वीडनला यँकीज या बेसबॉल क्लबने २००२ च्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) दुसऱ्या फेरीत उचललं होतं. पिचर (चेंडू फेकणारा) म्हणून काही जमलं नाही, तेव्हा तो ओक्लाहोमा स्टेटमध्ये दाखल झाला आणि २०१२ च्या व्यावसायिक फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने त्याला २२ व्या क्रमांकावर घेतलं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, म्हणून हे वाचताना पहिली शंका वयाचीच येते. पण वाइंकी आणि वीडन ज्या चौकटीतून आले, तिच्यात वय मोजलं जात नाही. मोजलं जातं ते वेगळंच.

पाच वर्षांचं घड्याळ

डिव्हिजन १ मध्ये पाच कॅलेंडर वर्षांत चार हंगाम, अशी मूळ चौकट आहे. ही पाच वर्षं जन्मतारखेपासून किंवा शाळा सुटल्यापासून धावत नाहीत. ज्या दिवशी विद्यार्थी कोणत्याही कॉलेजात पूर्णवेळ नोंदणी करून पहिल्या तासाला बसतो, त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. नंतर कॉलेज सोडलं तरी ते थांबत नाही. लष्करी सेवा, अधिकृत धर्मकार्य असे मोजके अपवाद आहेत. व्यावसायिक बेसबॉल त्यांत नाही.

फाइल इथेच अडकते. बेसबॉलचा हंगाम सप्टेंबरात संपतो आणि घरी आलेला खेळाडू आईवडिलांच्या आग्रहाखातर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक सत्र करतो. ट्रान्सक्रिप्टवर (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) त्या सत्राच्या ओळीत क्रेडिटचा आकडा ९ असेल तर तो अर्धवेळ, म्हणजे घड्याळ बंदच. तिथे १२ असेल तर तो पूर्णवेळ. मग ते सत्र १९ व्या वर्षी केलेलं असेल आणि खेळाडू आज २५ चा असेल, तर पाच वर्षं कधीच संपून गेली. तीन क्रेडिटचा एक विषय, पण सगळा खेळ त्यावर. सत्राच्या मध्यात विषय सोडला असेल तरी सुटका नाही, कारण पहिल्या दिवशी नोंदणी पूर्णवेळ होती. म्हणून पहिलं काम प्रशिक्षकाला व्हिडिओ पाठवण्याचं नाही. जिथे जिथे नाव घातलं त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागवायची. नापास झालेली आणि विसरावीशी वाटणारीसुद्धा. लपवलेलं कॉलेज पुढे सापडतंच, आणि तेव्हा प्रश्न पात्रतेचा न राहता खोट्या माहितीचा होतो.

दुसरा नियम उशिरा प्रवेशाचा. शाळा संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत असते. त्यानंतर त्याच खेळात संघटित स्पर्धा खेळली तर दर वर्षामागे एक हंगाम कापला जातो आणि शिवाय एक शैक्षणिक वर्ष न खेळता काढावं लागतं. ‘त्याच खेळात’ हे शब्द महत्त्वाचे. बेसबॉलच्या शेकडो मॅचेस फुटबॉलच्या खात्यात येत नाहीत. मात्र बेसबॉल सुटल्यावर तयारी म्हणून एखाद्या सेमी-प्रो फुटबॉल संघातून दोन हंगाम खेळलेला माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. सराव करायचा तर एकट्याने किंवा ट्रेनरकडे करावा. गुणफलक आणि पंच असलेल्या मैदानावर उतरू नये.

एजंटचा करार: दोन ओळी नीट वाचा

ड्राफ्टच्या वेळी बहुतेक मुलं एजंटच्या कागदावर सही करतात, आणि तो कागद परत कधी उघडून पाहत नाहीत. एनसीएएचा नियम असा, की एजंटशी केलेला करार विशिष्ट खेळापुरता आहे असं त्यात लेखी नसेल, तर तो सर्व खेळांना लागू धरला जातो आणि खेळाडू सर्व खेळांत अपात्र ठरतो. करारात ‘बेसबॉलमधील सेवांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘खेळाडू म्हणून सर्व व्यावसायिक व्यवहारांसाठी’ अशी ऐसपैस भाषा असेल तर विद्यापीठाच्या कॉम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणारं कार्यालय) ते आधीच सांगा आणि करार रद्द केल्याचं पत्र जोडा. तोंडी ‘आता आमचा काही संबंध नाही’ याला काही किंमत नाही.

बेसबॉलकडचे कागद

मूळ खेळाडू करार, त्याच्या पुरवण्या आणि क्लबने सोडल्याचं पत्र, इतकं तरी हाताशी हवं. क्लबने सोडलं असेल तर काम सोपं. स्वतःहून खेळणं थांबवलं असेल तर नाव ‘स्वेच्छानिवृत्त’ यादीत जातं आणि हक्क क्लबकडेच राहतात. खेळाडूला वाटतं करार संपला. कागदावर तो जिवंत असतो. वॉक-ऑन म्हणून नुसतं खेळायला हे सहसा आड येत नाही, पण पुढे शिष्यवृत्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘करार चालू आहे का, पैसे येतात का’ हाच असतो. निघतानाच क्लबकडे लेखी सुटका मागावी. वर्षभराने मागितली तर कोणत्या खात्याला विचारायचं इथून सुरुवात होते.

त्याच करारात बहुतेकदा कॉलेज स्कॉलरशिप प्लॅनची पुरवणी असते. शाळेतून थेट करार केलेल्या मुलांना क्लब ठरावीक सत्रांची फी द्यायला बांधील असतो. सत्रं किती आणि प्रत्येकी रक्कम किती, हे आकडे पुरवणीतच असतात. अट अशी, की बेसबॉल सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू व्हायला हवं. ‘आधी वर्षभर जिम करतो, मग बघू’ म्हणणाऱ्यांची फी याच अटीपायी बुडते. पुरवणीची प्रत नसेल तर ती क्लबकडून आजच मागवा.

अर्जाचा क्रम

आधी ट्रायआउट (निवड चाचणी), मग प्रवेश, असा उलटा क्रम बरेच जण मनात धरून असतात. वॉक-ऑन ट्रायआउट फक्त त्या विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असतो. म्हणून पहिली पायरी साध्या विद्यार्थ्यासारखा प्रवेश अर्ज. इथे खेळाची शिफारस नसते. शाळेचे गुण, निबंध आणि मुदत यांवरच काम चालतं.

दुसरी पायरी एनसीएएच्या पात्रता तपासणाऱ्या केंद्राचं, एलिजिबिलिटी सेंटरचं, सर्टिफिकेशन खातं. डिव्हिजन १ साठी शाळेतले १६ कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यातले १० विषय शाळेच्या सातव्या सत्राआधी, म्हणजे शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी, झालेले हवेत. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण आता लागत नाहीत. शाळेची ट्रान्सक्रिप्ट शाळेनेच थेट पाठवायची असते, खेळाडूने स्कॅन करून चढवलेली चालत नाही. सात वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्याला हा कागद मिळायला वेळ लागतो, कारण समुपदेशक बदललेला असतो आणि जुन्या नोंदी जिल्हा कार्यालयात गेलेल्या असतात. हौशीपणाच्या प्रश्नावलीत खेळ म्हणून फुटबॉल निवडा आणि बेसबॉलचा सगळा इतिहास तारखांसकट भरा. माइनर लीगचे व्यवहार सार्वजनिक नोंदीत असतात. तुमची तारीख आणि तिथली तारीख जुळली नाही की फाइल थांबते.

तिसरी पायरी विद्यापीठाचं कॉम्प्लायन्स ऑफिस. प्रशिक्षकाच्या ऑफिसात जाण्याआधी इथे जा. घड्याळाचे किती दिवस आणि किती हंगाम उरलेत, याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या. पात्रतेच्या नियमांत दरवर्षी फेरफार होतात आणि गेल्या काही वर्षांत न्यायालयांनीही त्यांत हात घातला आहे, त्यामुळे चार वर्षांपूर्वी एखाद्या मित्राला मिळालेलं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

प्रमाणपत्र यायला उशीर होतो तेव्हा तात्पुरत्या सरावाची सोय आहे. ज्याला संघाने भरती केलेलं नाही त्याला ४५ दिवस, आणि ज्याला केलं आहे त्याला १४ दिवस. विद्यापीठाच्या खर्चाने अधिकृत भेट घेतली, तर तुम्ही ‘भरती झालेले’ ठरू शकता आणि ४५ चे १४ होतात. मुदत संपली की सराव बंद.

वैद्यकीय फाइल

ट्रायआउटआधी सहा महिन्यांच्या आत झालेली डॉक्टरांची तपासणी, सिकल सेल चाचणीचा अहवाल आणि आरोग्य विम्याचा पुरावा लागतो. सिकल सेलची तपासणी अमेरिकेत जन्मतःच होते. जन्माच्या रुग्णालयाचा किंवा राज्याच्या आरोग्य खात्याचा कागद मिळाला तर नवी चाचणी वाचते. बेसबॉलवाल्यांची खरी अडचण खांदा आणि कोपर. कोपराचं लिगामेंट बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा अहवाल आणि शेवटचा एमआरआय क्लबच्या वैद्यकीय विभागाकडून मागवा. संघाचा डॉक्टर ‘बरं आहे’ या शब्दावर हेल्मेट देत नाही. एडीएचडीचं (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) औषध चालू असेल तर बेसबॉलकडून मिळालेली सूट इथे चालत नाही. निदानाचे कागद आणि प्रिस्क्रिप्शन नव्याने विद्यापीठाकडे द्यावे लागतात, नाहीतर उत्तेजक चाचणीत तेच औषध गळ्याशी येतं.

पैशाचा हिशेब

वॉक-ऑनला खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण गरजेवरची सरकारी मदत मिळू शकते. या मदतीसाठीच्या एफएएफएसए अर्जात २४ वर्षांवरील विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो, आईवडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत. २०२६-२७ साठी १ जानेवारी २००३ पूर्वीचा जन्म हवा. वाढलेलं वय कामाला येतं ते इथे. अर्जात मात्र दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न येतं. त्या वर्षात बोनसचा हप्ता पडला असेल तर आज रिकामा खिसाही कागदावर भरलेला दिसतो. अशा वेळी फायनान्शियल एड ऑफिसकडे सध्याच्या परिस्थितीचा पुरावा देऊन फेरविचार मागता येतो.

राज्याची रहिवासी फी हा आणखी एक खड्डा. बहुतेक राज्यं बारा महिन्यांचा सलग निवास मागतात, आणि माइनर लीग खेळाडूचा पगार तीन राज्यांतून, लायसन्स चौथ्या राज्याचं. लायसन्स, मतदार नोंदणी आणि कर विवरणपत्र एकाच राज्यात आणायला प्रवेशाच्या वर्षभर आधी सुरुवात करावी लागते.

ट्रायआउट आणि रोस्टर (संघाची यादी)

ट्रायआउट साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, वसंत सरावाच्या आधी, किंवा वर्ग सुरू झाल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. पॅडशिवाय असतात. ४० यार्ड धाव, ५-१०-५ शटल (दिशा बदलत धावण्याची चाचणी) आणि जागेनुसार कवायती. बेसबॉलचे स्काउट ६० यार्ड मोजतात. तो आकडा इथे कुणी विचारत नाही. सुरुवातीची तीन पावलं नव्याने शिकावी लागतात, कारण ४० यार्डांत वेळ जातो तो सुरुवातीलाच. पिचर असलेला प्रत्येक जण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) म्हणून नाव देतो आणि तिथेच गर्दी होते. लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) किंवा पंटर (चेंडू लाथेने लांब मारणारा) म्हणून तयारी केलेल्याला रांग छोटी मिळते. आमच्या मते हाच शहाणपणाचा रस्ता.

जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाऊस समझोत्यानंतर (कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली तडजोड) त्यात सामील विद्यापीठांना फुटबॉल रोस्टर १०५ पर्यंतच ठेवता येतो. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, वॉक-ऑन त्याबाहेर हवे तितके. आता वॉक-ऑनही १०५ मध्येच मोजतात. ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’, म्हणजे ट्रायआउटशिवाय जागा देऊ असं प्रशिक्षकाचं आश्वासन, हा तोंडी शब्द आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी यादी १०५ वर आणताना तो कुणाला वाचवत नाही. समझोत्याबाहेरच्या विद्यापीठांत ही मर्यादा नाही, म्हणून अर्ज करताना दोन्ही प्रकारची विद्यापीठं ठेवावीत.

भारतातून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांनाही हे घड्याळ लागू आहे. अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज शाळेतच धरतात, पण पुण्या-मुंबईतलं पहिलं पदवी वर्ष म्हणजे पूर्णवेळ कॉलेज. चार वर्षांची बीई करून लगेच एमएसला गेलेल्याकडे घड्याळातलं जेमतेम एक वर्ष उरतं. मध्ये दोन वर्षं नोकरी केली असेल तर तेही गेलं. एलिजिबिलिटी सेंटरला दहावी-बारावीच्या बोर्डाच्या मूळ गुणपत्रिका लागतात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाहिरातीचे पैसे घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. संघात खेळण्याने व्हिसाला धक्का लागत नाही, कॅम्पसबाहेरच्या कमाईने लागू शकतो.

निवड झाल्यावरही एक आकडा डोळ्यांसमोर असू द्या. सत्रात नोंदणी १२ क्रेडिटच्या खाली गेली की त्याच दिवसापासून सराव बंद. ऑक्टोबरात जड जाणारं गणित सोडायचं असेल तर फॉर्म भरण्याआधी उरलेल्या क्रेडिटची बेरीज करा. पहिल्या दिवशीच १५ ची नोंदणी केली असेल तर एक विषय सोडायला जागा राहते.