कातडीतून आरपार बघायचा शंभर वर्षांचा खटाटोप

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी जिवंत उंदराच्या पोटावर पिवळ्या फूड कलरचं पाणी चोळलं आणि आतली आतडी हलताना दिसायला लागली, ही बातमी बऱ्याच जणांनी बघितली असेल. पण कातडीतून आरपार बघायचा खटाटोप बराच जुना आहे.

आरपार दिसत नाही त्याला नुसता कातडीचा रंग कारण नाही. आतल्या पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) १.३३, चरबी आणि प्रथिनांचा १.४ च्या वर, त्यामुळे प्रकाश जागोजागी वाकतो आणि विखुरतो. भज्यांच्या कागदावर तेल पसरलं की तेवढाच भाग आरपार दिसतो ना, तेच तत्त्व, दोन्ही अंक जवळ आणले की झालं.

जर्मनीत लाइपझिगच्या वेर्नर श्पाल्टेहोल्त्स या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९११ सालीच हे छापलं होतं. अवयवातलं सगळं पाणी काढायचं आणि मग तो मिथाइल सॅलिसिलेटसारख्या द्रवात बुडवायचा (आपल्या दुखण्यावरच्या बामला जो वास असतो ना, तोच हा). हृदयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या त्याने अशाच बघितल्या. भारीच काम, पण सगळं मेलेल्या अवयवांवर. २०१३ ची गाजलेली क्लॅरिटी पद्धत, अख्खा मेंदू पारदर्शक करणारी, तीही तशीच.

जिवंत कातडीवर नेटाने काम केलं ते रशियातल्या सारातोव्हच्या वालेरी तुचिन आणि मंडळींनी, १९९० च्या दशकात, ग्लुकोज, ग्लिसरॉल वगैरे वापरून. पण त्यांचं द्रावण खूप घट्ट लागतं, त्याने कातडीतलं पाणी ओढलं जातं, आणि परिणाम बेताचाच.

मग स्टॅनफर्डचे संशोधक हाँग यांच्या टीमने उलटाच विचार केला, की पारदर्शक करायला गडद रंगच घ्या! टार्ट्राझिन, म्हणजे तोच पिवळा फूड कलर, निळा प्रकाश जोरात शोषतो, ४२८ नॅनोमीटरच्या आसपास, आणि त्यामुळेच लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढून चरबी-प्रथिनांच्या जवळ जातो. यामागचं क्रेमर्स-क्रोनिगचं गणित (शोषलेला प्रकाश आणि अपवर्तनांक यांचा संबंध सांगणारं) १९२६-२७ चं, म्हणजे एवढी वर्षं पुस्तकात पडून होतं आणि हे कोणाला सुचलं नाही, कमाल आहे! आणि रंग तरी कुठला, तर खाऊच्या पाकिटावर १०२ नंबरने छापलेला असतो तो.

पाण्याने धुतलं की कातडी परत पहिल्यासारखी. सुईसाठी शीर शोधणं, लेझरने टॅटू काढणं असे उपयोग सांगितले जातात, पण माणसाची कातडी उंदरापेक्षा कितीतरी जाड आणि स्टॅनफर्डच्या त्या शोधनिबंधात माणसावर प्रयोग केलेलाच नाहीये.