कौटुंबिक हिंसाचार : कायद्यातील व्याख्या

एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या नात्यातील माणसांकडून स्त्रीचा होणारा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक किंवा आर्थिक छळ म्हणजे कौटुंबिक हिंसाचार. ही व्याख्या ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’ च्या कलम 3 मध्ये आहे. कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. ‘मारतो का?’ हा शेजारापाजारचा पहिला प्रश्न असतो. मारहाण हा या व्याख्येचा एक चतुर्थांश भाग आहे.

उरलेला भाग डोळ्यांना सहसा दिसत नाही. ऐरोलीत राहणारी, ठाण्यात नोकरी करणारी एखादी विवाहिता घ्या. पगार जमा झाल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर येतो, एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते. सकाळी हातावर पन्नास रुपये, संध्याकाळी त्यांचा हिशेब. लोकल चुकली तर व्हिडिओ कॉल करून फलाट दाखवायचा. माहेरी फोन करायचा तो स्पीकर लावून. अंगावर एकही वळ नाही, म्हणून ती स्वतःच म्हणते, ‘तसा काही त्रास नाही.’

पगार हिसकावून घेणे, नोकरी करू न देणे, स्त्रीधन विकणे किंवा गहाण टाकणे, घरभाडे थकवणे, घराचा एखादा भाग वापरू न देणे हा आर्थिक छळ. मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे, चारित्र्यावर संशय, कुणाला भेटायला बंदी, ‘मी जीव देईन’ अशी धमकी हा शाब्दिक-भावनिक छळ. या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करण्यासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्याच्या नमुन्यात अशी यादीच आहे. मोबाइलवरच्या पाळतीचा उल्लेख त्यात नाही. पण एखादे वर्तन हिंसाचार ठरते का, हे सगळी परिस्थिती एकत्र पाहून ठरवावे, असे कलम 3 च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. व्याख्येचे खरे बळ या वाक्यात आहे. पन्नास रुपये, फलाट, स्पीकर या गोष्टी सुट्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटतात.

इंग्लंड-वेल्समध्ये असे नियंत्रण 2015 च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरले. वागणे वारंवार किंवा सतत हवे. त्यामुळे निदान दोनदा मारहाणीची भीती वाटलेली हवी किंवा रोजच्या जगण्यावर मोठा दुष्परिणाम झालेला हवा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. भारतात असा स्वतंत्र गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे 85 व 86 (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 498अ) पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेपुरती आहेत: आत्महत्येकडे ढकलणारे किंवा जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करणारे वर्तन, अथवा पैशा-मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीची जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून आजही वगळलेली आहे. 2005 च्या कायद्यात मात्र ती लैंगिक छळ म्हणून मांडता येते. ही विसंगती बोचणारी आहे.

2005 च्या कायद्याखाली अर्ज फक्त पत्नीलाच करता येतो असे नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, विवाहासारख्या नात्यात राहिलेली स्त्री, सर्वांना तो हक्क आहे. सासूविरुद्धही अर्ज करता येतो, कारण प्रतिवादीच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होतो त्याच्या, व्याख्येतील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये काढून टाकले. ‘फ्लॅट माझ्या वडिलांच्या नावावर आहे, नीघ’ हे ठाण्यात हमखास ऐकू येणारे वाक्य. त्याला 2020 च्या सतीशचंदर आहुजा निकालाने उत्तर दिले: घर सासऱ्यांच्या मालकीचे असले, तरी ते दोघांचे राहते घर असेल तर सुनेला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथेही तो चालतो. सासर खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यात, आणि माहेर नौपाड्यात असेल, तर ठाण्यातच अर्ज करता येतो. विधिसेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून कलम 23 खालचा अंतरिम, म्हणजे निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेश सुरुवातीलाच मागणे महत्त्वाचे. छळ थांबवण्याचा न्यायालयाचा आदेश, म्हणजे संरक्षण आदेश, मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंद दाराआड साक्षीदार नसतो, हे ओळखून आदेशभंग झाल्याचा निष्कर्ष केवळ तिच्या साक्षीवर काढण्याची मुभा कलम 32 ने न्यायालयाला दिली आहे.