प्रिंटवर रेघा आल्या? क्लिनिंग लावण्याआधी हे वाचा

आमच्याकडे हेड बदलायला म्हणून येणाऱ्या बऱ्याच सब्लिमेशन प्रिंटरांचं (कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडावर उतरवतात ते) हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, गेलेलं नसतंच. मात्र त्यावर आधी दहा-बारा वेळा क्लिनिंग (हेडातून शाई ओढून ते साफ करण्याची प्रिंटरची सोय) मारलेलं असतं, टाक्या निम्म्यावर आलेल्या असतात आणि रेघा होत्या तिथेच असतात.

रेघा दिसल्या की आधी साध्या कागदावर नोझल चेक काढा, म्हणजे हेडाची बारीक छिद्रं (नोझल) चालतात का ते दाखवणारं रेषांचं पान. लगेच दुसराही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

रेषा दोन्ही कागदांवर त्याच जागी तुटत असेल, तर नोझलमध्ये शाई सुकली आहे. एक क्लिनिंग लावा आणि पुन्हा नोझल चेक घ्या. फरक पडला तर आणखी एक लावा. तिसरं नको. मशीन बंद करून रात्रभर तसंच ठेवा. हेडात आलेली ताजी शाई सुकलेल्या शाईला हळूहळू सैल करते, आणि सकाळी एका क्लिनिंगमध्ये बऱ्याचदा काम होतं.

तुटलेली जागा दर वेळी बदलत असेल, तर तो चोक नव्हे. शाईच्या नळीत हवा शिरली आहे किंवा हेडापर्यंत पुरेशी शाई पोहोचत नाही. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का बघा आणि मशीनला काही तास विश्रांती द्या. इथे क्लिनिंगचा मारा केला तर दुखणं वाढतं. क्लिनिंगमध्ये पंप कॅपमधून (हेड झाकणाऱ्या टोपीतून) शाई खाली ओढतो. कॅपच्या रबरी कडेवर शाईचा थर किंवा कापडाचा धागा असेल, तर ती हेडाला घट्ट बसत नाही आणि शाईऐवजी हवा ओढली जाते. आधी चार रेषा गायब असतात, नंतर पंधरा. ती कड डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने अलगद पुसा. शिवाय क्लिनिंगमध्ये ओढलेली सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते. त्याचा काउंटर भरला की प्रिंटर थांबतो आणि एकाच्या जागी दोन दुरुस्त्या होतात.

पिवळ्याची गोष्ट वेगळी. पांढऱ्या कागदावर तुटका पिवळा डोळ्याला दिसतच नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर गडद निळा रंग उघडा, खोलीत अंधार करा आणि त्या उजेडात कागद धरा. पिवळ्या रेषा काळपट दिसतात, तुटलेली जागा लगेच सापडते. फोटोतले चेहरे गुलाबी-जांभळट येत असतील, तर प्रोफाइलला (शाई-कागदानुसार रंग जुळवणाऱ्या फाइलला) दोष देण्याआधी हे बघा.

फोन केलात की आम्ही आधी नोझल चेकचा फोटो मागतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण तो न बघता ‘शाई बदला’ म्हणणं आम्हालाच सोयीचं आहे, तुम्हाला नाही.

नोझल चेक पूर्ण येऊनही रेघा असतील, तर प्रिंटरच्या मेनूतून हेड अलाइनमेंट (हेडाची जुळणी) करा, ड्राफ्टऐवजी हाय क्वालिटी निवडा आणि दुतर्फा छपाई (बायडायरेक्शनल, म्हणजे हेड जाता-येता दोन्ही वेळा छापतं ती) बंद ठेवा.

रंगाची तक्रार असेल तर कागदावरचा रंग बघून ठरवू नका. सब्लिमेशनचा रंग कागदावर मळकटच दिसतो, तो गरम प्रेसखाली खुलतो. पॉलिएस्टर टी-शर्टसाठी साधारण 195 ते 200 अंश सेल्सिअस आणि 50 ते 60 सेकंद धरा. प्रेसनंतर वापरलेला कागद फेकू नका. त्यावर बराच गडद रंग उरला असेल, तर उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला. काळा तपकिरी झाला आणि कडा पसरल्या, तर बहुधा जास्त भाजलं गेलं. सुती कापडावर रंग धरणारच नाही, त्यात प्रिंटरचा काही दोष नाही. बारीक निळे ठिपके हे धाग्यांचे असतात. त्यासाठी टी-शर्टवर लिंट रोलर फिरवा आणि ओल जायला आधी पाच-दहा सेकंद कोरा (कागद न ठेवता) प्रेस द्या.

प्रोफाइल ड्रायव्हरमध्ये लावलं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये लावू नका. दोन्हीकडे लावलं की रंग दोनदा बदलतो. आमच्या शाईसोबत तिचं प्रोफाइल आणि रंगपट्ट्यांची फाइल मिळते. दुसरी शाई त्यात मिसळली की ते प्रोफाइल जुळत नाही, म्हणून उरलेल्या शाईवर आमची ओतू नका असं आम्ही सांगतो.

प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचा स्विच आधी पाडला तर हेड कॅपवर परतत नाही आणि उघड्यावर सुकतं. काम नसेल तेव्हाही दर तीन दिवसांनी सगळ्या रंगांचं एक पान काढा.

मशीन आमच्याकडे आणायचंच असेल तर टाक्यांची झाकणं घट्ट लावा आणि वाटेत ते आडवं करू नका. सोबत ते दोन नोझल चेकचे कागद आणा, मागे तारीख आणि मधे किती क्लिनिंग केली ते लिहून. आकडा खरा लिहा, आम्ही रागावत नाही.