संचित वारंवारतेचा बिंदू वर्गमध्यावर नसतो

‘आलेख कुठलाही असो, बिंदू वर्गमध्यावरच द्यायचा’ हा समज शाळेत वर्षानुवर्षे चालत आला आहे. वर्गमध्य म्हणजे वर्गाची (गटाची) मधली किंमत. तो वारंवारता बहुभुजापुरता, म्हणजे प्रत्येक वर्गातली संख्या दाखवणाऱ्या आलेखापुरता, खरा. ‘पेक्षा कमी’ संचित वारंवारता म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या संख्यांची बेरीज; तिचा बिंदू वरच्या वर्गमर्यादेवरच येतो.

समजा, देवगडच्या एका बागेतले ८० हापूस तोलले. १५०–२०० ग्रॅमची ८ फळे, २००–२५० ची २४, २५०–३०० ची ३२, ३००–३५० ची १६. संचित वारंवारता ८, ३२, ६४, ८०. २५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची फळे ३२, हे पक्के. वर्गमध्य २२५; त्यापेक्षा कमी किती, ते तक्ता सांगतच नाही. म्हणून बिंदू (२५०, ३२). सुरुवात (१५०, ०) पासून. हा बिंदू मुले हमखास विसरतात.

बिंदू पट्टीने जोडा. उभ्या अक्षावर ४० (८० चे निम्मे) पासून आडवी रेघ न्या, आलेखाला भेटेल तिथून खाली लंब टाका: मध्यक, म्हणजे निम्मी फळे ज्याच्या खाली येतात ते वजन, २६२.५ ग्रॅम. वर्गमध्यावर बिंदू दिले तर २३७.५ येतो, म्हणजे बरोबर अर्ध्या वर्गाने कमी. आलेखाचा आकार मात्र तसाच दिसतो, त्यामुळे चूक नजरेतून सुटते.

वर्ग १५०–१९९, २००–२४९ असे तुटक असतील, तर वरची मर्यादा म्हणून १९९.५, २४९.५ घ्या. आणि हो, २६२.५ हाही अंदाजच; वर्गात वजने समान पसरली आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते.