लिनक्सवरची पट्टी विंडोजवर नेताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो. तीत पोती, वजन, दर आणि हमाली-तोलाईची वजावट मांडलेली असते. अशी पट्टी करणारा एखादा मुक्तस्रोत (मूळ मजकूर सर्वांना खुला असलेला) प्रोग्राम इथल्याच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लिनक्सवर सी भाषेत लिहिला आणि पेढ्यांवरचे संगणक मात्र विंडोजचे निघाले, असे समजू. गुणाकार-वजाबाकी दोन्हीकडे सारखीच असते आणि प्रोसेसरही बहुधा एकाच जातीचा असतो. तरीही लिनक्सवर तयार झालेली फाइल विंडोजवर जशीच्या तशी चालत नाही.

याचे कारण असे, की फाइल उघडणे, मेमरी घेणे किंवा छपाई करणे यांसाठी प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करावी लागते आणि त्या मागणीची रीत प्रत्येक सिस्टिममध्ये निराळी असते. 1988 च्या पॉसिक्स मानकाने युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कुळातील (लिनक्स, मॅकओएस अशा) सिस्टिमांसाठी ही रीत बरीचशी एकसारखी केली, म्हणून लिनक्सवरून मॅकओएसवर जाणे तुलनेने सोपे आहे. विंडोज त्या कुळातली नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला असल्याने तो विंडोजच्या कंपायलरला (मजकुरापासून चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामला) देता येतो, आणि त्यासाठी मूळ लेखकाचीच वाट पाहावी लागत नाही, हा मुक्तस्रोताचा मोठा फायदा. पण खरे काम त्यानंतर सुरू होते.

एखादी सोयच विंडोजमध्ये नसेल, तर ते लगेच कळते. चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत काढणारी ‘फोर्क’ ही युनिक्सची मागणी विंडोजच्या नेहमीच्या सोयींत नाही. ती वापरलेली असेल तर प्रोग्राम तयारच होत नाही आणि तेवढा भाग नव्याने लिहावा लागतो. माझ्या मते अशा अडचणी परवडतात. घात होतो तो कंपायलर गप्प राहतो तिथे.

फाइलच्या नावाचेच पाहा. लिनक्सला नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ. ‘हळद’ हे नाव यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत नऊ बाइटांचे होते आणि ते तसेच साठवले जाते. विंडोज आतून यूटीएफ-16 ही दुसरी पद्धत वापरते, तिथे तेच नाव सहा बाइटांत बसते. सी भाषेतील फाइल उघडण्याच्या नेहमीच्या फंक्शनला ते नऊ बाइट दिले, तर विंडोज ते जुन्या कोडपेजनुसार (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणाऱ्या तक्त्यानुसार) वाचते आणि युरोपीय अक्षरांच्या गुंत्याच्या नावाची फाइल तयार करते. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. विंडोज 10 च्या 2019 मधील 1903 या आवृत्तीपासून प्रोग्रामला आपले कोडपेज यूटीएफ-8 असल्याचे जाहीर करता येते. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी यूटीएफ-16 मधले नाव घेणारी ‘रुंद अक्षरां’ची वेगळी फंक्शने वापरावी लागतात. (रोमन नावांतील मोठी-लहान अक्षरे लिनक्स वेगळी मानते आणि विंडोज सहसा एकच; तो घोळ मात्र देवनागरीत होत नाही, एवढा दिलासा.)

याहून फसवा आहे तो आकड्यांचा प्रश्न. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक 64 बिटांच्या लिनक्सवर 64 बिटांचा असतो, पण 64 बिटांच्या विंडोजवरही तो 32 बिटांचाच राहतो. 32 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647 आहे. अपूर्णांकांतील चुका टाळण्यासाठी रक्कम रुपयांऐवजी पैशांत ठेवण्याची पद्धत चांगलीच आहे. मात्र त्या पद्धतीने पेढीची एकूण उलाढाल सुमारे 2 कोटी 14 लाख रुपयांच्या वर गेली, की विंडोजवर बेरीज बहुधा एकदम उणे दिसू लागते. एकेकट्या पट्ट्या बरोबर, आणि हंगामाअखेरची बेरीज चूक! उपाय साधा आहे: 1999 च्या सी मानकाने नेमक्या 64 बिटांचा पूर्णांक दिलेला आहे, तोच वापरावा.

सिस्टिमवर अवलंबून असलेला भाग सुरुवातीपासून वेगळा ठेवलेला असेल तर हे सारे आटोक्यात राहते. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये युनिक्ससाठी एक आणि विंडोजसाठी दुसरी अशा स्वतंत्र सोर्स फाइली आहेत, आणि उरलेला बहुतेक कोड दोन्हीकडे तोच आहे. विंडोजसाठी केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पात परत गेल्या नाहीत, तर प्रत्येक नव्या आवृत्तीवर त्या पुन्हा बसवाव्या लागतात. मूळ लेखक त्या घेताना काचकूच करतात, तेही समजण्यासारखे आहे. कारण एकदा स्वीकारलेला विंडोजचा भाग पुढे त्यांनाच सांभाळायचा असतो, आणि त्यांच्यापाशी विंडोजचा संगणक असेलच असे नाही.