मोटारगाडीचे घरगुती ध्वनिरोधन

लहान, स्वस्त मोटारगाडीत बसणाऱ्यांच्या कानावर येणारा रस्त्याचा आवाज मालकाने स्वतः, किंवा ओळखीच्या मेकॅनिकला हाताशी घेऊन, कमी करण्याची पद्धत. फटी बुजवणे, पत्र्याला आतून जड चिकट शीट लावणे, कारपेटखाली थर घालणे आणि टायर बदलणे ही यातली मुख्य कामे. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत यांपैकी शीट लावण्याचे काम ‘डॅम्पिंग’ म्हणून उत्साहाने विकले जाते. ते उपयोगी आहेच. पण प्रत्येक साहित्य एकाच प्रकारच्या आवाजावर चालते. कोणता आवाज कुठून येतो हे न पाहता गाडीभर शीट चिकटवली, तर खर्चाच्या मानाने फरक फार थोडा पडतो.

लहान गाडीत आवाज जास्त का

भारतातील लहान हॅचबॅक गाड्यांचे वजन साधारण ७०० ते ९०० किलोंच्या घरात असते. २००९ साली बाजारात आलेली टाटा नॅनो तर सुमारे ६०० किलोंची होती. किंमत आणि मायलेज दोन्ही सांभाळायचे म्हटले, की पहिली कात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या वजनाला लागते. कारपेट पातळ येते, दरवाजाला रबराचे बीडिंग एकपदरी मिळते, डिकीतल्या प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे काहीच नसते. अनेक गाड्यांत मागच्या चाकांवरच्या कमानीला खालून अस्तरही नसते. टायरने उडवलेली खडी उघड्या पत्र्यावर आपटते आणि थेट आत ऐकू येते.

पत्र्याची जाडी पाऊण मिलिमीटर धरली, तर एक चौरस मीटर पत्रा जेमतेम ६ किलो भरतो. ध्वनिशास्त्राचा ढोबळ नियम असा, की पडद्याचे दर चौरस मीटर वजन दुप्पट केले म्हणजे त्यातून पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप) घटतो. महागड्या गाडीची शांतता बरीचशी या वजनात असते. घरी काम करणारा माणूस तेच वजन मागाहून, आणि मोजक्याच जागी, गाडीत घालत असतो.

आवाज आत येतो कसा

रस्त्याचा आवाज दोन वाटांनी येतो. पहिली वाट लोखंडातून. टायरची थरथर चाक, सस्पेन्शन आणि बॉडी यांमधून तळाच्या व दरवाजांच्या पत्र्यापर्यंत पोचते आणि पत्र्याचे मोठे, मधे आधार नसलेले भाग ढोलकीच्या पानासारखे वाजू लागतात. ढोबळमानाने ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) खालचा घुमणारा, छातीत जाणवणारा आवाज असा येतो. टायरच्या आतल्या हवेचाही स्वतःचा एक सूर असतो. लहान गाडीच्या टायरमधल्या पोकळीचा मधला परीघ दीड मीटरच्या आसपास भरतो आणि त्या हिशेबाने तो सूर २३० हर्ट्झजवळ पडतो. खड्ड्यातून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना ऐकू येणारा ‘टंग्ग’ बहुधा तोच.

दुसरी वाट हवेची. टायरचे खाचे रस्त्यावर दाबले जाऊन सुटताना होणारा सळसळाट १,००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरकस असतो आणि तो फटींतून, पातळ काचांतून व पत्र्यातून आत येतो. फटीचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. एखाद्या पडद्याचा १०० पैकी १ भाग उघडा असेल, तर उरलेल्या ९९ भागांवर कितीही जड शीट लावली तरी तो पडदा २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही.

वेगाचा हिशेबही इथेच समजून घ्यावा. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज ९ ते १२ डेसिबलने चढतो आणि वाऱ्याचा त्याहून बराच जास्त. म्हणून ताशी १०० किलोमीटरच्या पुढे बीडिंग आणि आरशांभोवतीचा वारा टायरला मागे टाकू लागतो. उलट बाजूने पाहिले तर १०० वरून ८० वर आल्यावर टायरचा आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. गाडी उघडून दिवसभर राबल्यावर मिळणारा फरकही बऱ्याचदा तेवढाच असतो, हे काम हाती घेणाऱ्याने आधीच जाणून असलेले बरे.

रस्ता कसला आहे यावरही बरेच अवलंबून असते. काँक्रीटवर पाणी निघून जावे आणि टायरची पकड राहावी म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात. त्यांवरून जाताना टायर एका सुरात गुणगुणतो आणि सांध्यांवर ठेका धरतो. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे दोन्ही मुख्यतः काँक्रीटचे. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. शहरात कधी न खटकलेली गाडी तिथे तासाभरात डोके उठवते, याचे कारण इंजिनात शोधण्याची गरज नाही.

साहित्य

ब्यूटाइल शीट. एका बाजूला ब्यूटाइल रबराचा चिकट थर, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा. एकूण जाडी बहुधा २ मिलिमीटर. ती आवाज ‘अडवते’ असा समज आहे. तिचे खरे काम पत्र्याची थरथर जिरवणे हे आहे. पत्रा वाकू लागला की वरचे ॲल्युमिनियम ताणायला विरोध करते, मधले रबर दोहोंच्या मधे घसटले जाते आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जाते. पत्र्यावर नुसता चिकट थर दिल्याने कंपन किती मरते याचा हिशेब हेर्मान ओबर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये मांडला. वरून ताठ आवरण दिल्यावर काय होते, याचा सिद्धांत एडवर्ड केरविन यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत दिला. या शीटा त्याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच ॲल्युमिनियम जितके जाड, तितका गुण चांगला. नुसती रबराची जाडी पाहून माल घेऊ नये. सपाट भागाच्या मध्यावर पाव ते निम्मी जागा झाकली तरी बराचसा परिणाम मिळतो. कानाकोपरा भरत बसणे म्हणजे बहुधा वजन आणि पैसा वाया घालवणे.

जड पडदा. खनिज भुकटी मिसळलेल्या व्हिनाइलची लवचीक चादर. दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो, म्हणजे जवळजवळ पत्र्याइतकीच. हवेतून येणारा आवाज अडवते ती ही. मात्र ती पत्र्याला थेट चिकटवायची नसते. मधे बंद छिद्रांच्या फोमचा थर हवा आणि चादर शक्य तितकी सलग हवी. तळावर हिचा गुण येतो. दरवाजात ती टांगणे कटकटीचे असते.

फोम आणि नमदा. सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. मऊ सच्छिद्र पदार्थ आवाज शोषतो हे खरे, पण चांगले शोषण होण्यासाठी त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाजवळ जावी लागते. १,००० हर्ट्झला हा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर भरतो, २०० हर्ट्झला ४३ सेंटिमीटर. सहा मिलिमीटरचा फोम रस्त्याचा घुमारा ‘पिऊन टाकतो’ हे जाहिरातीतच होऊ शकते. त्याचा खरा उपयोग जड चादरीखाली गादी म्हणून, किंवा प्लॅस्टिक पत्र्यावर घासून करकरू नये म्हणून. डिकीतल्या पॅनेलमागच्या रिकाम्या पोकळीत मात्र जाड नमदा किंवा सिंथेटिक कापूस भरला तर वरच्या पट्टीचा सळसळाट जाणवण्याइतका उतरतो.

डांबरी शीट. कारखान्यात तळाच्या पत्र्यावर डांबरी पट्ट्या ठेवून रंगाच्या भट्टीत वितळवून बसवतात, ते ठीक. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची शीट आणून दरवाजात चिकटवण्याची काटकसर मात्र महाग पडते. उन्हाळ्यात नागपूर, अकोला, जळगाव भागात बंद उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. अशा उन्हात डांबर मऊ होऊन घसरते आणि वास महिनोन्महिने जात नाही.

कामाचा क्रम

आधी टायर. झिजून दातेरी झालेला टायर बेअरिंग गेल्यासारखा घरघरतो आणि जुना, कडक झालेला टायर नव्यापेक्षा जास्त वाजतो. शिफारशीपेक्षा जास्त हवा भरण्याची सवयही खड्ड्यांचा आवाज वाढवते. युरोपीय संघात २०१२ पासून टायरच्या लेबलवर बाहेरचा आवाज डेसिबलमध्ये छापतात. एकाच मापाच्या दोन टायरांत ३–४ डेसिबलचा फरक सहज दिसतो. तो आकडा रस्त्याकडेच्या माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो, आत बसलेल्याच्या नव्हे. तरी दिशा दाखवायला पुरतो. टायर बदलायची वेळ जवळ आलीच असेल, तर शीटचे काम तोवर लांबवावे.

मग फटी. दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. सहज निसटली तर तिथे बीडिंग दबत नाही. इंग्रजी डी आकाराचे पोकळ रबरी बीडिंग चिकटवून दुसरा पदर देता येतो. फार जाड घेतले तर दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि बिजागऱ्या व कुलपावर ताण येतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायरी जिथे आत येतात तिथली रबरी ग्रोमेट (वायरीभोवती बसणारी कडी) फाटली असतील तर बदलावीत. त्या पत्र्याला आतून पूर्ण शीट लावायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो उद्योग घरी करू नये.

त्यानंतर डिकी, आणि तिच्यात मागच्या चाकांवरच्या कमानी. हॅचबॅकमध्ये डिकी केबिनपासून वेगळी नसल्याने त्या कमानींचा आवाज थेट मागच्या सीटमागून येतो. कष्टाच्या मानाने सर्वांत जास्त फळ इथेच मिळते, तरी बहुतेक लोक सुरुवात पुढच्या दरवाजांपासून करतात. कारण सरळ आहे : भारतात हे काम गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या हौशीतून रुजले, आणि स्पीकर दरवाजात असतो. कमानींवर आतून ब्यूटाइल, वरून नमदा, स्टेपनीच्या खळग्यात एखादी शीट. खालून रबरी कोटिंग केले तर खडीचा कडकडाट कमी होतो. स्टेपनी, जॅक आणि पाना कापडात घट्ट बांधावेत. अर्धा आवाज कधी कधी त्यांचाच निघतो.

पत्रा बोटाच्या पेराने ठोकून पाहणे ही सर्वांत साधी चाचणी. ‘टण्ण’ वाजला तर तिथे शीट हवी, ‘थप’ वाजला तर पुढे जावे. पत्रा थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून शीट लावावी, हेअर ड्रायरने गरम करावी आणि रोलरने दाबावी. ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट झाली म्हणजे दाब पुरेसा. या ॲल्युमिनियमची कड पात्यासारखी कापते, म्हणून हातमोजे हवेतच.

दरवाजा

दरवाजाचा पॅड स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेला असतो. क्लिपा तुटणारच असे धरून आधीच चारदोन जास्तीच्या आणाव्यात. आत दोन पत्रे असतात. बाहेरच्या पत्र्याला मोठ्या भोकांतून हात घालून शीट लावायची. आतल्या पत्र्याची भोके शीटने बंद करायची की नाही याबद्दल मतभेद आहेत. बंद केल्याने आवाज नक्की घटतो, पण पुढे काचेची मोटर बिघडली तर सगळे सोलून काढावे लागते. ज्या गाडीच्या काचा आत्ताच कुरकुरत आहेत तिथे मोह आवरावा.

काचेच्या खाचेतून दरवाजात पाणी शिरते आणि खालच्या बारीक भोकांतून निघून जाते. ही रचना मुळातलीच आहे. ती भोके शीटने बुजली तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार खालून गंजायला लागते. आतला प्लॅस्टिकचा पडदा काढून टाकला तर पाणी पॅडमध्ये आणि तिथून पायाखाली येते. दरवाजाच्या पोकळीत पाणी धरून ठेवणारा उघड्या छिद्रांचा फोम कधीच घालू नये.

तळ, छत आणि न झाकण्याच्या जागा

तळासाठी सीटा काढाव्या लागतात. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि त्या सुट्या असताना चावी फिरवू नये. छताच्या कडेने पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत अस्तर उतरवण्याचा नादच सोडावा. नसेल तर मध्यावर मोजक्या शीटा लावल्याने मुसळधार पावसाचा ताशा बराच मऊ होतो.

मागच्या बंपरआड हवा बाहेर जाण्याची झडप असते. ती झाकली तर दारे नीट लागत नाहीत. सीएनजी गाडीत टाकीच्या झडपेपासून बाहेर गेलेली नळी आणि तिची भोकेही मोकळी ठेवावीत.

किती फरक पडतो

चार दरवाजे, डिकी आणि तळ मिळून २० ते ३० किलो वजन वाढते, म्हणजे एका शाळकरी मुलाइतके. तीनेक डेसिबल घट झाली तर काम चांगले झाले म्हणावे. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल लागतात आणि तेवढे घरी साधत नाही, कारण पातळ काचा तशाच राहतात. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा खरा मानू नये; पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग आणि एसीचा पंखा बंद ठेवून आधी-नंतरची तुलना करता येते. बऱ्याचदा आकड्यापेक्षा पट्टी बदललेली जाणवते : दार ‘ठप्प’ लागते, खडी दूरवर पडल्यासारखी वाटते.

तीन सिलिंडरच्या इंजिनाचा घुमारा मात्र शीटला दाद देत नाही. इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर तो ७५ हर्ट्झला पडतो. तिथे इंजिनाचे माउंटिंगच तपासावे लागते. टियागो ईव्हीसारख्या स्वस्त विजेवरच्या गाड्यांत इंजिनच नसल्याने टायरचा आवाज उघडा पडतो, आणि हाच प्रकार ध्वनिरोधनानंतर कोणत्याही गाडीत होतो : आधी दबलेली डॅशबोर्डची करकर आणि सीटबेल्टच्या बकलाची टकटक ऐकू येऊ लागते. तिच्यासाठी कापडी टेप पुरतो.

पुढे कधी पत्रा ठोकला गेला, तर डेंटिंगवाल्याला आत शीट व फोम आहे हे आधी सांगावे. वेल्डिंगच्या ठिणगीने फोम आणि नमदा पेट घेऊ शकतात, आणि शीट लावलेल्या जागी आतून हत्यार घालून पोचा काढता येत नाही. तेवढी शीट गरम करून सोलावीच लागते.