तिरका, टोकदार फॉन्ट हवाय? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

क्लबची जर्सी असो, जिम असो, रेंट-अ-बाईक नायतर वॉटर स्पोर्ट्स, फोंड्यातल्या आमच्या दुकानात आलं की बहुतेकजण मोबाईलवर एक फोटो दाखवतात आणि म्हणतात अस्संच पायजे, जाड, तिरकं, कोपरे कापलेलं, बघताक्षणी स्पीड वाटेल असं. आम्हालाही ही अक्षरं मनापासून आवडतात, म्हणून ती नीट उतरावीत असं वाटतं.

साधा फॉन्ट कॉम्प्युटरवर एका बाजूला ढकलला म्हणजे इटॅलिक, म्हणजे खरा तिरका फॉन्ट, होत नाही. गोल 'ओ' ढकलून बघा, वर एका बाजूला फुगतो आणि दुसरीकडे चेपतो. चांगल्या इटॅलिकमध्ये डिझायनरने एकेक अक्षर परत बसवलेलं असतं. कल 10-12 अंश पुरतो, 20च्या वर गेलं की नाव पळतंय असं नाही, पडतंय असं वाटतं. आणि फ्युचरिस्टिक लुक कलातून कमी, चौकोनी गोलाईतून जास्त येतो. इटलीच्या आल्दो नोव्हारेसेने 1962 साली यूरोस्टाईल नावाचा फॉन्ट काढला, त्यातला 'ओ' जुन्या टीव्हीच्या काचेसारखा आहे, आणि अंतराळ म्हटलं की अजून तसाच आकार लोकांच्या डोळ्यासमोर येतो.

जर्सीच्या नंबरात मात्र सांभाळा. कोपरे कापलेले 6, 8 आणि 0 लांबून एकच दिसतात. एका टीमचा अख्खा सेट आम्हाला परत प्रेस करावा लागला, तेव्हापासून नंबर कागदावर काढून समोरच्या भिंतीला लावतो आणि रस्त्यापलीकडून वाचून बघतो, तुम्हीपण या बघायला.

गाडीवर स्टिकर असेल तर अजून एक गंमत आहे जी कुणाच्या लक्षात येत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला तिरकं नाव पुढे झुकतं, पण डाव्या बाजूला तेच नाव मागे रेलतं, कारण तिथून बघताना गाडीचं तोंड डावीकडे असतं. अक्षरं उलटी झुकवली तर वाचायला त्रास होतो, त्यामुळे आम्ही नाव तसंच ठेवतो आणि पट्टे मागे ओढतो.

नाव मराठीत असेल तर आमचं स्पष्ट मत, झुकवू नका. शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा कलतो, 'धर्मराज'मधला रफार पुढच्या अक्षराकडे जातो. त्यापेक्षा टेको नायतर खंड नावाचा फॉन्ट घ्या, दोन्ही इंडियन टाईप फाऊंड्रीचे, फुकट, धंद्याला वापरायला मोकळे, आणि मराठी-इंग्लिश एकाच वळणाचं मिळतं. अक्षर सरळ ठेवून मागची पट्टी तिरकी करू, स्पीड तेवढाच दिसतो.

व्हिनाईलमध्ये, म्हणजे अक्षरं कापायच्या प्लास्टिकच्या शीटमध्ये, अणकुचीदार टोक सगळ्यात आधी उचकटतं, जर्सीचं धुण्यात, बोर्डाचं पावसात, म्हणून टोकं आम्ही अर्धा मिलिमीटर गोल करून कापतो, डोळ्याला कळत नाही. असा तिरका, टोकदार फॉन्ट फक्त नावाला आणि नंबराला ठेवा, फोन नंबर आणि पत्ता साध्या अक्षरात.

येताना बोर्डाचं माप आणि किती लांबून वाचायचाय ते सांगा, फॉन्ट विकतचा असेल तर लायसन्सचं बिल आणा, आणि जर्सी असतील तर गणेश चवथीच्या गडबडीआधी या.